कोळी चावला म्हणून विज्ञानकथा होत नाही

प्रश्न एका वडिलांचा आहे. त्यांची मुलगी अकरावीत शिकते आणि तिने सुपरहीरोची कथा लिहिली आहे. नायक सिंहगड रस्त्यावर राहणारा मुलगा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्फोट होतो आणि त्याच्या अंगात वाहतं पाणी थोपवून धरायची शक्ती येते. पुढे पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडतात, भिडे पुलावरून एक रिक्षा वाहून जायला लागते आणि हा मुखवटा चढवून, हात पुढे करून अख्खी मुठा अडवतो. कथा विज्ञानकथा स्पर्धेला पाठवायची आहे. मराठीच्या बाई म्हणतात, ही विज्ञानकथा नव्हे, फँटसी. मामा म्हणतात, प्रयोगशाळा आहे, स्फोट आहे, आणखी काय हवं? वडिलांना विचारायचंय की कथा पाठवावी का, आणि मुळात सुपरहीरो विज्ञानकथेत धरतात की फँटसीत.

दिवाळी अंकांसाठी विज्ञानकथा निवडणं आणि स्पर्धांचं परीक्षण करणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. म्हणून आधी सरळ उत्तर: कथा आत्ता आहे तशी पाठवली तर बाद होईल. बाईंचा निकाल बरोबर आहे. मामांचं चुकतंय, पण त्यांना हसू नका. सुपरहीरो जन्माला आला तोच मामांचा युक्तिवाद हातात घेऊन.

जून १९३८चा ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक. जेरी सीगल आणि जो शुस्टर ही क्लीव्हलंडची जोडगोळी विज्ञानकथांनी झपाटलेली होती. शाळकरी वयात त्यांनी ‘सायन्स फिक्शन’ नावाचं हस्तलिखितवजा मासिकही काढलं होतं. सुपरमॅनच्या त्या पहिल्या कथेत पहिल्याच पानाच्या तळाशी त्याच्या ताकदीचं ‘शास्त्रीय स्पष्टीकरण’ छापलेलं आहे. मुंगी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट ओझं पेलते, नाकतोडा माणसाच्या मापाने बघितलं तर कित्येक गल्ल्या ओलांडेल एवढी उडी मारतो, मग परग्रहावरच्या प्रगत माणसाला हे का जमू नये?

जमणार नाही. मुंगीला ते जमतं कारण ती मुंगीएवढी आहे. प्राण्याची उंची दहापट केली की स्नायूचा आणि हाडाचा छेद शंभरपट होतो, पण वजन हजारपट होतं. माणसाएवढी मुंगी ओझं सोडा, स्वतःच्या पायांवर उभीसुद्धा राहू शकणार नाही. गॅलिलिओने हे १६३८ साली, म्हणजे सुपरमॅनच्या बरोबर तीनशे वर्षं आधी, लिहून ठेवलंय. पुढे भारतात येऊन राहिलेले आणि भुवनेश्वरला वारलेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ साली याच विषयावर एक झकास निबंध लिहिला होता. म्हणजे पहिल्या सुपरहीरोचं पहिलं शास्त्रीय स्पष्टीकरण त्या काळच्या विज्ञानानेच खोटं ठरवलेलं होतं.

विज्ञान चुकलं एवढ्यावर मी कुठलीही कथा बाद करत नाही. विज्ञान चुकलेल्या उत्तम विज्ञानकथा ढिगाने सापडतील. सुपरमॅनच्या बाबतीत माझा आक्षेप वेगळा आहे. ती मुंगी पहिल्या पानावर येते आणि गायब होते. पुढच्या कुठल्याही प्रसंगात तिच्यावाचून काही अडत नाही. खेड शिवापूरला टोलची पावती घेतली, खिशात टाकली, पुढे ती पुन्हा बघायचं कारण नाही, तसं त्या स्पष्टीकरणाचं आहे. पुढे सुपरमॅनची ताकद पृथ्वीच्या कमी गुरुत्वाकर्षणामुळे आहे असं सांगू लागले, आणि १९६०च्या सुमारास ती आपल्या पिवळ्या सूर्यामुळे आहे असं ठरलं. दोन वेळा कारण बदललं. सुपरमॅन तसाच राहिला.

स्पायडरमॅनचं आणखी गमतीदार. १९६२ सालच्या कथेत त्याला चावतो तो कोळी किरणोत्सारी असतो, कारण तेव्हा अणूची धास्ती लोकांच्या डोक्यात होती. २००२च्या सिनेमात तोच कोळी जनुकं बदललेला होतो, कारण तोवर धास्तीचा विषय बदलला होता. कोळ्याची जात बदलूनही पीटर पार्करच्या, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडरमॅनच्या, काकांचा मृत्यू, त्याची अपराधी भावना, घरभाड्याची चिंता, यातलं काहीही हललं नाही. मग त्या कोळ्याच्या जागी एखाद्या ऋषीचा वर ठेवला तर? खरं सांगायचं तर तरीही फारसं काही हलत नाही.

माझी पहिली कसोटी हीच. स्पष्टीकरण काढा, त्या जागी वर, शाप, ताईत, काहीही ठेवा. कथा जशीच्या तशी चालली तर ते विज्ञान नव्हतं, विज्ञानाचं कपडेपट होतं. ही अदलाबदल एका प्रकाशकाने चक्क करूनही दाखवली आहे. १९४०चा ग्रीन लँटर्न हा रेल्वेचा अभियंता. उल्केच्या धातूपासून घडलेला जादूचा हिरवा दिवा त्याला सापडतो, त्या धातूची अंगठी करून तो लढतो, आणि लाकडापुढे अंगठीचं काही चालत नाही. १९५९ साली संपादक ज्युलियस श्वार्ट्झने तो नव्याने आणला. हे गृहस्थ कॉमिक्समध्ये येण्याआधी विज्ञानकथा-लेखकांचे एजंट होते. आता नायक वैमानिक झाला, अंगठी मरणाऱ्या परग्रहवासीयाकडून मिळाली, दिवा अंतराळातल्या पोलीसदलाचा झाला, आणि अडसर लाकडाऐवजी पिवळ्या रंगाचा. अंगठी दर चोवीस तासांनी दिव्याला लावून भरून घ्यायची, ती पद्धत दोन्हीकडे तीच! पहिला जादूचा आणि दुसरा विज्ञानाचा, असं म्हणायला मला तरी जड जातं.

त्यातून बॅटमॅन घ्या. १९३९पासून तो सुपरहीरो आहे आणि त्याच्यात शक्ती शून्य. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आठवेल: कवटीची अंगठी, मुखवटा, पिढ्यानपिढ्यांची शपथ, आणि अंगात शक्ती म्हणावी तर नाहीच. म्हणजे सुपरहीरो ठरतो तो मुखवटा, शपथ आणि राखायचं गाव यांवर. ही कथांची तिसरीच जात आहे. ती कधी विज्ञानकथेच्या घरात राहते, कधी फँटसीच्या, बऱ्याचदा दोन्हीकडे जेवते आणि भाडं कुठेच देत नाही.

पण वडिलांचा प्रश्न व्यवहाराचा आहे, तिसरी जात म्हणून सोडून चालणार नाही. विज्ञानकथेच्या घरात ती कधी राहते, ते बघू.

आयर्नमॅनचं उदाहरण मी नेहमी देते, कारण त्यात आकडा आहे. २००८च्या सिनेमात टोनी स्टार्क गुहेत कैदेत असताना छातीत बसवायचं ऊर्जायंत्र बनवतो आणि त्याची क्षमता सांगतो: सेकंदाला तीन गिगाज्यूल. म्हणजे तीन हजार मेगावॅट. आपल्या कोयना प्रकल्पाची सगळी वीजगृहं मिळून क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे. दीड कोयना या माणसाच्या छातीत, वाटीच्या आकारात! धरण नाही, बोगदे नाहीत, विस्थापित नाहीत, कोळसा नाही. असं यंत्र खरोखर बनलं तर पुढच्या दहा वर्षांत काय होईल? कोळशाच्या खाणी, तेलाची राजकारणं, आखाती देशांत नोकरीला गेलेली आपली माणसं, महावितरणचं बिल, शेतातल्या पंपाला रात्री दोनला येणारी वीज, यातलं काय उरेल? विज्ञानकथेचा लेखक इथून सुरुवात करील. सिनेमा मात्र ते यंत्र चिलखत उडवायला वापरतो, आणि पुढच्या भागांतही बाहेरचं जग थेट आपल्यासारखंच राहतं. सुपरहीरो कथेला ते तसंच राहायला हवं असतं, कारण वाचकाला आपल्याच शहरावरून उडणारा माणूस बघायचा असतो. शहर ओळखू येईनासं झालं तर मजाच गेली.

याला अपवाद आहेत आणि मोठे आहेत. १९८६-८७ मध्ये आलेल्या ‘वॉचमेन’ या कॉमिक्समध्ये अपघाताने अणुरेणूंवर ताबा मिळालेला एकच माणूस आहे, आणि त्याच्या असण्याने इतिहास वेगळा होतो: अमेरिका व्हिएतनामचं युद्ध जिंकते, अध्यक्ष निक्सन पदावरून हलत नाहीत, रस्त्यावर विजेच्या गाड्या दिसतात. शक्ती जगात टाकली आणि जग किती लांबवर हललं ते प्रामाणिकपणे मोजलं. मुखवटे असले तरी ही विज्ञानकथा आहे. तिला १९८८ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. (तो पुरस्कार विज्ञानकथा आणि फँटसी दोन्हींना देतात, त्यामुळे ‘ह्यूगो मिळाला म्हणजे विज्ञानकथा’ हा पुरावा कृपया कुणी देऊ नये. तो १९७८च्या सुपरमॅन सिनेमालाही मिळालाय.)

कधीकधी अख्खी कथा नाही, तिच्यातलं एकच पान विज्ञानकथेचं असतं. जून १९७३, ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चा १२१वा अंक. खलनायक ग्रीन गॉब्लिन नायकाच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलाच्या टोकावरून खाली लोटतो. स्पायडरमॅन जाळं फेकतो, तिचा पाय नेमका पकडतो, ती पाण्याला लागायच्या आत थांबते. आणि तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत ‘स्नॅप’ असा आवाज लिहिलेला आहे. वाचणारा बरेचदा तो नजरेआड करतो, मग परत मागे येतो.

गणित मांडून बघा. समजा ती ९० मीटर पडली. तेव्हा वेग होतो सेकंदाला ४२ मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर. जाळ्याने तिला अर्ध्या सेकंदात थांबवलं तर अंगावर येणारा जोर वजनाच्या नऊ-दहा पट होतो, तोही पायाकडून ओढला गेलेला, मान सैल सोडलेली. पाण्याने मारलं असतं ते जाळ्याने मारलं. इथे वर आणि ताईत ठेवून बघा, चालत नाही. हा मृत्यू संवेगाच्या नियमाने झालाय आणि नियमाला प्रेमाची पर्वा नाही. त्याआधी कित्येक अंकांत नायकाने उंचावरून पडणाऱ्या माणसांना शेवटच्या क्षणी अलगद झेललं होतं. त्या सगळ्यांच्या माना खरं तर मोडायला हव्या होत्या. त्या एका पानावर लेखकांनी थकलेला हिशेब वसूल केला.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे नियम असले की विज्ञानकथा. तेवढं सोपं नाही. आपल्याकडे नियमांची कथा हिरण्यकशिपूपासून आहे. माणसाकडून नको, पशूकडून नको, घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको. किती काटेकोर अटी! आणि उंबरठा, तिन्हीसांज, नरसिंह, असं त्याचं उत्तरही तितकंच काटेकोर. ‘झपाटलेला’मधल्या तात्या विंचूच्या मृत्युंजय मंत्रालासुद्धा, बाहुल्यातून कुणाच्या शरीरात जायचं याची अट आहेच. पण हे नियम कुणीतरी दिलेले असतात, शब्दांत दिलेले असतात, म्हणून त्यांत शब्दांची पळवाट निघते. वर हा करार आहे. गुरुत्वाकर्षणाशी करार करता येत नाही, ते उंबरठ्यावरही तेवढंच लागतं. परीक्षक म्हणून कथा हातात घेतली की मी हे बघते: शेवटी नायक सुटतो तो अटीतली फट शोधून, की जग कसं चालतं ते समजून घेऊन?

या मापाने आपले ओळखीचे लोक बघितले तर उत्तरं थोडी अनपेक्षित येतात. शक्तिमान, दूरदर्शनवर १९९७ पासून: साधना, कुंडलिनी, पंचमहाभूतं, आणि नायक मुळात निवडला गेलेला. उघड फँटसी, आणि त्यात कमीपणा काही नाही. (‘योग म्हणजे विज्ञानच’ हा वाद इथे आणू नका. वाद योगाचा नाही, कथेचा आहे. निवड झालेल्या एकालाच जमतं आणि दुसऱ्याला तीच कृती करून जमत नाही, तिथे प्रयोग संपतो.) ‘कोई मिल गया’ आणि ‘क्रिश’: परग्रहवासी आहे, यान आहे, पण शक्ती मिळते ती प्रसादासारखी आणि मुलाला वारशाने जाते. फँटसीच. त्या परग्रहवासीयाचं नाव जादू ठेवून निर्मात्यांनी निदान लपवाछपवी तरी केली नाही. उलट १९८७चा ‘मिस्टर इंडिया’. हातातल्या यंत्राने नायक अदृश्य होतो, पण लाल प्रकाशात दिसतो. का दिसतो ते कुणी सांगत नाही. तरी ती एक गोष्ट कथेतल्या सगळ्यांना सारखी लागू आहे, नायकालाही, आणि पाठलागाचे प्रसंग तिच्यावर उभे आहेत. गाणी आणि मोगॅम्बो बाजूला ठेवला तर त्यात विज्ञानकथेचा अंश क्रिशपेक्षा जास्त आहे, असं माझं मत.

आणि विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्कचं ते वाक्य. अतिप्रगत तंत्रज्ञान आणि जादू यांत फरक करता येत नाही, या अर्थाचं. दर स्पर्धेनंतर एखादा नाराज स्पर्धक ते माझ्या तोंडावर मारतो. थॉर या देवाला सुपरहीरो करणाऱ्या सिनेमानेही तीच ढाल वापरली. अहो, क्लार्क बघणाऱ्याबद्दल बोलतोय. बघणाऱ्याला फरक करता येत नसेल. कथा लिहिणाऱ्याला तो माहीत असावाच लागतो, कारण कुठे काय बिघडेल ते त्याला ठरवायचं असतं.

आता मुलीची कथा. मला ती आवडली, आणि तिच्यात एक अस्सल विज्ञानकथा दडून बसली आहे, ती तिच्याच हाताला लागायची आहे. स्फोट आणि रसायनांची नावं कमी करू दे. त्यात कुणाला रस नाही. त्यात ‘क्वांटम’ शब्द तीन ठिकाणी आलाय, तो तिन्ही ठिकाणी खोडा. तिला म्हणावं, शक्ती कुठून आली ते एका वाक्यात उरक आणि पाण्याकडे वळ.

समजा धरणातून ३५,००० क्युसेकने पाणी सोडलंय. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. म्हणजे भिडे पुलाशी दर सेकंदाला जवळजवळ हजार टन पाणी येतंय. मुलाने हात पुढे केले आणि नदी थांबली. ठीक, थांबली. पण मागून येणारं पाणी थांबलेलं नाही. मिनिटाला साठ हजार टन. दहा मिनिटांत सहा लाख टन. पात्र तिथे समजा शंभर मीटर रुंद धरलं, तर तीन किलोमीटर मागेपर्यंत पाणी दोन मीटरने चढेल. मागे काय आहे? आधी नदीपात्रातला रस्ता, मग म्हात्रे पूल, मग राजाराम पूल, मग सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांची तळमजल्यावरची पार्किंग. तिच्या नायकाचं घर सिंहगड रस्त्यावर आहे, हे तिने पहिल्याच परिच्छेदात स्वतःहून लिहून ठेवलंय!

रिक्षा वाचली आणि त्याच क्षणी त्याच्या घराच्या पायऱ्या बुडू लागल्या. आता हात खाली घ्यावेत? घेतले तर साठलेले सहा लाख टन एकदम ओंकारेश्वराकडे आणि पुढच्या पेठांकडे सुटतील. पुण्यात धरणाचं पाणी एकदम सुटणं म्हणजे काय, हे १२ जुलै १९६१ पासून, पानशेत फुटल्यापासून, इथल्या घराघरांत माहीत आहे. कथेत एक आजी आहेच, तिला नुसती शंकरपाळी तळायला बसवलंय. तिला हे बोलू दे. मुलाला हळूहळू, किती वेगाने हात सैल करायचे, हे त्या गर्दीत आणि भीतीत शोधून काढावं लागेल. तो पाटबंधारे खात्यात फोन करून विसर्ग किती आहे ते विचारील का? मला तर तो सुपरहीरो फारच आवडेल, जो मुखवटा घालून क्युसेक विचारतो.

असं लिहिलं की स्फोटाच्या जागी वर ठेवून चालणार नाही का? चालेल, तसं बघितलं तर शक्ती अजूनही अशक्यच आहे. एक अशक्य गोष्ट मी विज्ञानकथेला नेहमी माफ करते. तिच्यानंतर मात्र प्रत्येक लिटरचा हिशेब लागला पाहिजे, आणि इथे तो लागतो. माझ्यासमोर ती कथा विज्ञानकथा म्हणून आली तर मी हरकत घेणार नाही. सहपरीक्षकांशी भांडावं लागेल, ते मी बघीन.

हे सगळं तिला नकोसं वाटलं, तिला मुखवटा, शपथ आणि शेवटचा तो खलनायकाशी सामनाच लिहायचा असेल, तर तेही रास्त आहे. मग कथेतलं शास्त्र पूर्ण काढून टाकू दे, मुलाला मुठेनेच शक्ती दिली असं म्हणू दे, आणि ती कुमारांच्या दिवाळी अंकाला पाठवू दे. अर्धं-अर्धं ठेवलं तर दोन्हीकडून परत येईल.

आणखी एक. पाठवताना सोबत ‘ही विज्ञानकथा का आहे’ असं स्पष्टीकरणाचं पत्र जोडू नका. वडिलांनी तर मुळीच नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने आली होती आणि बक्षीस घेऊन गेली. लेखक जयंत नारळीकर आहेत, हे परीक्षकांना नंतर कळलं. नाव झाकून, पत्र न जोडता कथा पाठवायची, हजार-दीड हजार शब्दांची मर्यादा असेल तर पाळायची, आणि मुदतीच्या आधी आठ दिवस पाठवायची. शेवटच्या दिवशी येणारा गठ्ठा आम्ही परीक्षक कुठल्या मनःस्थितीत वाचतो, ते न सांगितलेलंच बरं.